कुंकवाची रेघ

आमच्या घरात शेतराखणीची बंदूक आहे, सासऱ्यांच्या नावावर. जुनी रायफल. तिच्या मापाची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या, मोठ्या मापाच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या आणायच्या, कापायच्या, साच्यात दाबून तोंड बारीक करायचं आणि पुन्हा भरायच्या. शिकला कुठे? मोबाइलवर. मिक्सर दुरुस्त केला की ज्याच्याकडे हमखास स्क्रू उरतात, असा हा माणूस.

तो ओसरीवर कानस घासत बसायचा आणि चुलीपाशी माझी भाकरी करपायची. "लायसनमा हाई बसस का तरी?" परवान्यात हे बसतं का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "तू उगाच घाबरस. काही व्हत नही." गोळी झाडणार होते सासरे, बंदूक गालाला टेकवून; नळी फुटली तर सगळं त्यांच्याच तोंडावर. तो गाल, तो डोळा मला दिवसभर दिसत राहायचा. लग्न होऊन आले तेव्हा या घरात "जेवलीस का?" असं पहिल्यांदा विचारणारे तेच.

खंडेनवमीला विळा, कोयता, फवारणीचा पंप यांच्या रांगेत बंदूक मांडली. शेजारी त्या नव्या, अजून न भरलेल्या नळ्या. हळदकुंकू वाहिलं आणि मनात म्हटलं, देवी, ह्यांना अक्कल दे. पूजेतल्या हत्याराला आमच्यात उत्तरपूजेपर्यंत कुणी हात लावत नाही. तेवढा एक दिवस मी सुखाने जेवले.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजेला गेले, तर बंदूक जागेवर नाही. सासऱ्यांना दम निघाला नव्हता. स्वतःच अक्षता टाकून, तशाच एका नळीत आधी भरून ठेवलेलं काडतूस घेऊन ते उसाकडे गेले, असं नवऱ्याने सांगितलं. हातांना काम हवं म्हणून नळ्या पुसायला घेतल्या. एकीचं कुंकू निघेना. तोंडाशी केसाएवढी लाल रेघ तशीच. ती चीर होती. दुसरीलाही होती. नवऱ्यापुढे धरल्या तसा त्याचा चेहरा पडला. त्याने सासऱ्यांना फोन लावला. तो देवघरातच वाजला.

नवरा अनवाणीच उसाकडे पळत सुटला. मी अंगणात उभी. आता आवाज येईल, मग येईल. कान झाकावेसे वाटत होते आणि झाकवतही नव्हते. इतकी मी बाळंतपणातही भ्याले नव्हते.

बऱ्याच वेळाने दोघं आले. "आज डुकर उनंच नही," सासरे कुरकुरत म्हणाले. डुक्कर आलं नाही, म्हणजे गोळी झाडलीच नव्हती. नवऱ्याच्या मुठीत काडतूस होतं. देवघरात बसून त्याने त्याला अंगठ्याने कुंकू चोळलं, मग पुसलं. रेघ राहिली. त्याने ते सासऱ्यांपुढे धरलं. सासऱ्यांनी ते उजेडाकडे वळवून पाहिलं. त्यांचा हात आपसूक उजव्या गालावर गेला.

साचा भंगारात गेला. त्या हंगामात डुकरांनी बांधाकडचा सगळा ऊस लोळवला. शेजारीण डुकरांना रोज शिव्या घालायची. मी एकही घातली नाही.