वाट पाहणारा भाडेकरू

आमच्या अमरावतीच्या घरात वरच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूइतका वाट पाहणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. तो घर सोडून निघाला त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून केलेलं कामसुद्धा म्हणजे कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट पाहणं. त्याची अकोल्याची बस निघायला आली होती. "दोनावर काढ गा," मी म्हणालो. "नाही काकाजी, डाळ शिजली नसन," म्हणत तो बॅग खांद्यावर घेऊन शेगडीसमोर उभाच. बस गेली.

गडी अकोल्याच्या जुन्या शहरातला. चाळिशी आली, लग्न नाही. कारण मुलीकडचे सगळे जमल्याशिवाय हा पोह्यांना हात लावायचा नाही, आणि मुलीकडचे सगळे कधी जमतात? बायको वारल्यावर माझे सदरे मलाच ढगळ व्हायला लागले, तेव्हापासून दुपारचं तो माझ्याकडे जेवायचा. एकदा आम्ही जीपने दर्यापूरला निघालो. वाटेत फाट्यावर मागच्या सीटवरची बाई पिशवी घेऊन उतरली. जीप हलली तसा हा म्हणाला, "थांबवा, एक बाई मांगं राहिली." जीपवाल्याने आरशातून पाहिलं. "साहेब, तिचं गाव आलं, ती उतरली. तिले काय जबरदस्तीनं दर्यापूरले नेता?" सगळी जीप हसली. सगळ्यांत मोठ्याने मी.

कामही त्याने तसलंच शोधलं होतं. कॉम्प्युटर चालू होताना आत काय काय घडावं, ते तो लिहायचा. मी चौथी पास. मला वाटायचं, बटण दाबलं की बल्बसारखा लागतो. "नाही काकाजी," तो म्हणाला. "आत लय भाग असते, आन् हरेक भागाले उठवणारा एक ड्रायव्हर असते. पडद्याचा ड्रायव्हर उठते, पण पडद्याले वीज देणारा तयारच नसते. मंग तो म्हणते, मले मागून बोलवा. अशायले बाजूले बसवाचं, नवा कोणी तयार झाला का पुन्हा विचाराचं. आन् सारे आटोपल्याशिवाय पुढचं काम सुरू करू द्याचं नाही."

"म्हणजे पंगत."

"पंगतच," तो म्हणाला, आणि मी स्वतःला इंजिनीअर समजू लागलो.

मग संत्र्याच्या बागांना पाणी सोडणारा एक डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, त्याच्याकडे आला. शुक्रवारपर्यंत चालू झाला नाही तर नोकरी गेली, असं साहेबांनी सांगितलेलं. पडदा, पंप, सगळे तयार, पण डबा चालू होईना. चार दिवस याच्या पोटात धड घास नाही. पाचव्या दिवशी मी चहा घेऊन वर गेलो. "हे सारे कोणासाठी थांबून राहिले?"

"मातीतली ओल मोजणाऱ्या भागासाठी."

"तो हाय का पण डब्यात?"

त्याने चहा बाजूला ठेवला. मग त्याने झाकण उघडलं. या खेपेला तो भाग बसवलाच नव्हता. यादीत नाव तेवढं राहिलं होतं.

"अबे, हे तं जीपमधली बाई झाली," मी म्हणालो. "उतरली ते कवाचीच."

त्या भागाची वाट पाहायला त्याने दहा सेकंदांची मुदत घातली. मी विचारलं, "आन् तो अकराव्या सेकंदाले आला तं?"

"आला तं घेऊ जोडून. हाकलत नाही कोणी. फक्त बाकीच्यायनं तोवर उपाशी राहाचं नाही."

डबा चालू झाला, नोकरी वाचली. कॉम्प्युटर मी दुरुस्त केला असं मी चौकात सांगत सुटलो.

पुढे त्याची बदली अकोल्याला झाली, आणि त्या कुकरपायी बस चुकली. दुसरीला अवकाश होता, म्हणून जेवायला बसलो. मी तीन ताटं वाढली. बायको चुलीपाशी बसून म्हणायची, "तुमी सुरू करा, मी आलीच." मी हट्टाने थांबायचो, भाकर निवायची, भांडण व्हायचं. ती गेली, तरी मी थांबतोच. वरण गार होतं, भूक मरते, ताट गाईपुढे जातं. भाडेकरूने तिसऱ्या ताटाकडे पाहिलं. जीपमधल्या बाईचं नाव काढलं नाही. मी काढलं असतं. "काकाजी, निवून राहिलं," एवढंच म्हणाला, आणि मी हात लावीपर्यंत तोही थांबला. दोघांनी गार वरण खाल्लं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकर टाकली. एका बाजूने जळाली, नेहमीसारखी. दोन ताटं घेतली, बसलो, मनात दहा मोजले. घाईत मोजले असं वाटलं, म्हणून पुन्हा दहा मोजले. मग शेगडीकडे तोंड करून म्हणालो, "मी सुरू करतो. तू ये सावकाश."

घास तोडायला गेलो तर बोट भाजलं.