डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला

मित्रहो, गावातल्या गॅरेजमधला चहाचा कप आता आचमनापुरता उरला आहे. तीव्र निषेध!

आज वडिलांचा जुना पेट्रोल ट्रक घेऊन मी आणि बायको तिथे गेलो. इंजिन खटखट करतं, असं ती महिनाभर सांगत होती. मी तो तिचा भास ठरवला होता.

मिस्त्री वासुदेवभाऊ हसले. "गुरुजी, ठिणगी वेळेच्या आधी पडून राहिली! गाडी इतकी ओरडते, अन् तुमी काय श्लोक म्हणून राहिले होते?"

त्यांनी बोल्ट ढिला करून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, रेस दिली. "गेली ना खटखट?"

"हव, गेली," बायको म्हणाली. मीही मान डोलावली.

खरं सांगतो, मला ती आधीही ऐकू आली नव्हती. कुणी कान तपासून घेतलेत का? मला भीती वाटते आहे.