मार्क गेले माहेराला

मंडळी, आज मी दवाखान्यात चक्क रुसले होते!

निपाणीजवळच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, एका सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे. आता सीमेच्या दोन्ही बाजूंना नवा नियम आलाय: जेवढं काम तेवढे मार्क, आणि मार्कांवर दवाखान्याला निधी. सगळ्यात जास्त मार्क बाळंतपणाला. आम्हाला बाळंतिणींच्या गरम पाण्यासाठी सोलर बसवायचाय.

सकाळी सविता आली. पहिलटकरीण, सुरुवातीपासून तिला मीच तपासलंय. म्हणते, "सिस्टर, माहेरी चाललोय, सीमेपल्याड कागलला."

म्हणजे कष्ट माझे, मार्क महाराष्ट्राला! "इथंच ऱ्हा की गं," मी म्हणाले.

तिची सासू हसायलाच लागली. "पहिलं बाळंतपण माहेरातच व्हतंय. मार्कासाठी सून अडवू व्हय? तोंड कशाला पाडतायसा? माझी लेक येतीया की दुपारी कोल्हापुरातनं!"

दुपारी लेक आली, भरल्या दिवसांची. म्हणाली, "तिकडच्या सिस्टर लई रुसल्यात माझ्यावर."

मी तिच्याकडून नंबर घेतला आणि त्या सिस्टरना फोन लावला. दोघी पोट धरून हसलो. सोलर बसला की पहिलं गरम पाणी त्यांच्याकडून येणाऱ्या पेशंटला, असं कबूलही करून टाकलं.

आता तुम्हीच सांगा, हा नियम करणाऱ्यांत माहेर असलेली एकही बाई नव्हती काय हो?