बोईसरच्या रस्त्यावरची माझी साहेबगिरी

आम्ही निवृत्त अधिकारी जमलो की किस्से निघतातच. जन्मभर खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे ते साठत जातात, आणि दर खेपेला सांगणारा त्यात थोडा उंच होतो! माझे मात्र उलटे आहेत. म्हणून इतकी वर्षं मी दुसऱ्यांचेच ऐकत आलो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी पंचविशीतला प्रांताधिकारी, पहिलंच पोस्टिंग. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं मोठं काम निघालं होतं. त्यासाठी बोईसरहून किनाऱ्याकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता, आणि रस्त्यात येणारी घरं हलवायचं काम माझ्याकडे होतं.

*

रुजू व्हायला पालघर स्टेशनवर उतरलो. धोतर-टोपीतला एक म्हातारा हात जोडून पुढे आला. मी त्या हातांत ट्रंक दिली. "जीपपर्यंत चल!"

ट्रंकेत पुस्तकं होती. म्हातारा दोनदा थांबला, दोन्ही वेळा मी घड्याळ पाहिलं. जीपशी पोचल्यावर खिशात हात घातला.

"पैसं नको, सायेब," धापा टाकत तो म्हणाला. "मी सरपंच. तुमाला हार घालाया आल्तो. पन हात मोकले नव्हते!"

काखेतल्या पिशवीत हार पार चुरगळला होता. तरी तो मला घालूनच गेला.

*

त्याच सरपंचाच्या गावात सभा झाली. मी भाषण आरशासमोर घोटून नेलं होतं. 'सार्वजनिक हित', 'पर्यायी भूखंड', 'सहकार्याची अपेक्षा'! अर्धा तास बोललो. टाळ्यांचा कडकडाट!

खूश होऊन पुढे बसलेल्या जानकीआयला विचारलं. साठीची विधवा, मासे सुकवून विकायची. "आये, समजलं ना सगळं?"

"नाय रे सायेब. पन तू किती घामाघूम झाला! टाळी नाय वाजवली तं बरं दिसल काय?"

तिचं घर रस्त्यात जाणार होतं. एवढं एक वाक्य त्या अर्ध्या तासात मी साध्या शब्दांत उच्चारलं नव्हतं.

*

मग दिल्लीहून बडे पाहुणे पाहणीला येणार असं कळलं. रस्त्याकडेला बोंबील वाळत होते. केवढा तो वास! मी हुकूम सोडला, "उद्यापर्यंत सगळं हटवा!"

बायकांनी अर्धवट सुकलेले बोंबील उतरवले आणि घरांत ढीग करून ठेवले. रस्ता एकदम चकाचक.

प्रमुख पाहुणे गाडीतून उतरले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "इथल्या सुक्या मासळीचं फार ऐकलंय. दिसत नाही कुठे?"

"सर, सीझन नाही," मी म्हणालो.

बायका दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. पुढे तो सगळा माल कुजला, खड्डा खणून पुरावा लागला. मी तिकडे फिरकलोही नाही.

*

माझे अव्वल कारकून, भाऊसाहेब. तोंडाने कमी, टाइपरायटरने जास्त बोलणारा माणूस. वरती पाठवायचा अहवाल मी त्यांना इंग्रजीत सांगत होतो. गावकऱ्यांनी घरं सोडायला 'विलिंगली' मान्यता दिली, या वाक्यापाशी टकटक थांबली.

"साहेब, 'विलिंगली'?"

"डबल एल," मी म्हणालो.

"स्पेलिंग येतं, साहेब."

मी पुढचं वाक्य सांगायला घेतलं. टकटक पुन्हा सुरू झाली. त्या अहवालाबद्दल मला वरून शाबासकीचं पत्र आलं!

*

घरं पाडायचा दिवस उजाडला. बाकीचे लोक सामान घेऊन आधीच निघून गेले होते. शेवटचं घर जानकीआयचं. ती भांडेल, रडेल, दारात आडवी पडेल असं धरून मी चार पोलीस आणि कुदळी घेतलेले मजूर बरोबर नेले होते.

दार सताड उघडं होतं. घरात एक भांडं उरलेलं नव्हतं. बोचकी बाहेर झाडाखाली बांधून ठेवलेली. आणि आतली जमीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताजी सारवलेली! उंबऱ्यावर रांगोळीही होती.

मला राहवलं नाही. "आये, घर आज पडणार हे तुला ठाऊक होतं ना? मग सारवलंस कशाला?"

शेणाचे हात पदराला पुसत ती म्हणाली, "ठाव होतं ना. तू येनार ह्ये पन ठाव होतं. सायेब पैल्यांदा माझे घरी येनार, आनि घर तसंच ठेवू?"

मी पाऊल पुढे टाकलं.

"बूट भायेर काढ, बाबा. जमीन वली हाय अजून."

मी खाली वाकलो आणि नाड्या सोडायला लागलो. मागे चारही पोलीस वाकले होते.