सोनेरी बटणांचा कॅप्टन

कोट टेबलावर होता आणि कोटाचे मालक झूमवर. २०२१चा उन्हाळा. लॉकडाऊन नुकताच सैल झाला होता आणि आयर्लंडमधल्या डंडॉकजवळचं एक छोटं संग्रहालय पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडणार होतं. प्रदर्शनाचा विषय, एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक पलटणी. मधल्या काचेच्या कपाटात हाच लाल कोट. तो मिळाला नाही तर मधलं कपाट रिकामं.

जुन्या वस्तूंवरचे धातू तपासणं हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडे एक्सरे गन असते, दिसायला सुपरमार्केटमधल्या बारकोड स्कॅनरसारखी. ती टेकवली की धातू कोणता ते कळतं, वस्तूवर ओरखडाही न उठता. क्युरेटर ऑर्लाने मला बोलावलं होतं ते बटणं कशाने पुसावीत एवढंच विचारायला.

मालक डेसमंड, निवृत्त लिलाववाले. त्यांच्या खापरपणजोबांनी, म्हणजे कॅप्टनसाहेबांनी, हाच कोट घालून क्रिमियाच्या युद्धात पराक्रम गाजवला, असं ते मला ऐकवत होते. घोड्याचा स्वभाव कसा होता तेही सांगून झालं. लेबलवर हे सगळं येणार नसेल तर कोट परत, ही त्यांची अट.

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. त्या काळी ब्रिटिशांची खडी फौज वेगळी आणि मिलिशिया वेगळी. मिलिशिया म्हणजे आपल्या भागाच्या रक्षणासाठी राखीव पलटण. वर्षातून काही आठवडे कवायत, मग सगळे आपापल्या घरी. तिचा अधिकारी व्हायला कायद्याने जमीनजुमला लागायचा. शौर्याबद्दल कायदा गप्प होता. दोघांची गल्लत नको म्हणून पोशाखातच फरक ठेवलेला. खड्या फौजेच्या अधिकाऱ्याला सोनेरी जर आणि बटणं, मिलिशियाच्या अधिकाऱ्याला रुपेरी.

डेसमंड यांच्या कोटाची बटणं सोनेरी होती. जर मात्र इतकी काळवंडलेली की तिला काहीही म्हणावं.

गन टेकवली. सोनं नाही. चांदी, आणि तिच्यावर तांबं-जस्त, म्हणजे पितळेच्या भुकटीचा रंग. तसबिरींच्या चौकटींना लावतात तो. दुसऱ्या बटणावरही तेच. जरीत नुसती चांदी, सोन्याचा मुलामा कुठेच नाही.

ऑर्लाने मला बाजूला घेतलं, म्हणजे दोन मीटरवर उभं केलं. "हा रिपोर्ट उद्घाटनानंतर पाठवलास तर चालेल?"

"ते अजून झूमवर आहेत," मी म्हणालो, "आणि आपण म्यूटवर नाही."

स्क्रीनवरून खाकरल्याचा आवाज आला. "मंदार, स्पष्ट सांगा. आमचा माणूस युद्धावर गेला होता का?"

"माणसाचं मला माहीत नाही. कोट गेलेला नाही. हा मिलिशियाचा आहे."

ऑर्ला रिकाम्या कपाटाकडे बघत राहिली. मग डेसमंड यांनी विचारलं, बटणं सोनेरी केली कुणी? मी सांगितलं की रंग हाताने लावलेला दिसतो, खाली दोऱ्यांवर ओघळलाय, एका ठिकाणी ब्रशचा केसही चिकटलाय.

ते उठून गेले. ऑर्लाला वाटलं, संपलं. पण ते परतले ते येशूची एक तसबीर घेऊन. चौकट सोनेरी, तशाच ओघळांसकट.

"नुआला आत्या," ते म्हणाले. "जे हलत नसे त्याला ती सोनेरी रंग द्यायची. आम्ही मुलं म्हणूनच सारखी पळत असायचो."

आणि ते इतके हसले की तसबीर कॅमेऱ्यावर आपटली.

नंतर त्यांनी नवी अट घातली. मिलिशिया लिहायचं तर खुशाल लिहा, पण आत्याची बटणं पुसायची नाहीत. त्या कोटासाठी घाम गाळला तो तिनेच. ऑर्लाने घासाघीस करून अर्धी बटणं मिळवली. मी ती साफ केली, बाकीची तशीच ठेवली, आणि लेबलवर दोघांची नावं आली, आधी कॅप्टनसाहेब, मग आत्या.

प्रदर्शन ग्रँड झालं. मास्कवाले लोक फोटो काढत होते ते मात्र आत्याच्या बाजूचे.

फौजेत बढतीसाठी युद्ध लागतं. मेल्यानंतरच्या बढतीला घरातलं एक मायेचं माणूस आणि रंगाचा डबा पुरतो.