एकादशीचा टापिओका

एकादशी नेमकी रविवारी आली आणि त्याच दिवशी माझी ब्राझीलची मैत्रीण जेवायला येणार होती. दुबईत जबल अलीच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारीशेजारी, रोज डब्यातलं एकमेकींना द्यायचो. पण शारजात रोल्लातल्या आमच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंचा उपास होता. "तुम्ही जेवा गं, मी आपली माझी खिचडी खाते," त्या म्हणाल्या.

मैत्रीण आली तीच पांढऱ्या पिठाची पिशवी घेऊन. "आमच्याकडे संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर बायका हे करून विकतात," असं सांगत ती थेट गॅसपाशी गेली. तव्यावर ना तेल, ना पाणी. नुसतं ओलसर पीठ चाळणीतून भुरभुरलं. बघता बघता ते आपोआप चिकटून पांढरीशुभ्र पोळी सुटून आली. आत तिनं खोबरं आणि कंडेन्स्ड मिल्क घातलं.

"काय म्हणतात ह्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"टापिओका."

माझी मुलगी ओरडली, "आजी, दॅट्स साबुदाणा!"

मग मैत्रिणीनं सांगितलं, मी मराठीत करत गेले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तो मूळचा तिकडचाच. त्याचं पीठ काढून अशा पोळ्या करायची रीत तिथल्या आदिवासींची. पोर्तुगीज आले, त्यांच्याकडून खायला शिकले आणि जहाजांतून तो कंद दूरदूर घेऊन गेले.

सासूबाईंनी वाकून तव्यावरची पोळी निरखली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आमचे उपास हिच्या गावाच्या जिवावर?"

मी हे तिला सांगितल्यावर मैत्रीण इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली. "यल्ला, चला मग, खा!"

सासूबाईंनी अर्धी खाल्ली. दुसरीत खोबऱ्याऐवजी स्वतःच्या हातानं दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि मीठ भरलं. मैत्रिणीनं चव घेतली. "हे आमच्याकडे कुणाला कसं सुचलं नाही?" असं म्हणत तिनं खिचडीचं पातेलंही जवळ ओढलं. मी केलेलं चिकन तसंच राहिलं. मला थोडा रागच आला.

साताऱ्याला परतल्यावर सासूबाईंनी साबुदाणा मिक्सरमधून काढून प्रयोग केले. पहिली पोळी तव्याला अशी चिकटली की उलथनं वाकलं. जमल्यावर भजनी मंडळाला बोलावून 'ही ब्राझीलची उपासाची पोळी' म्हणून वाढली. एकीनं दोन खाऊन विचारलं, "परदेशातसुद्धा उपास करतात होय?"

"करतात तर!" सासूबाईंनी ठणकावून सांगितलं.