अर्सेनिओचं चोरबटण

आमच्या प्लासेतास गावात जुन्या गाड्यांचा वायरमन एकच, एवेलिओ. हात सोन्याचा, पण स्वतःचं कौतुक करायला त्याला दुसरा माणूस लागत नाही. प्रत्येक गाडीत तो एक चोरबटण बसवतो; ते दाबल्याशिवाय इंजिनाला ठिणगी मिळत नाही. बटण कुठे लपवायचं ते मालकाने ठरवायचं आणि शेवटचा जोडही मालकानेच मारायचा. तेवढा वेळ एवेलिओ रस्त्याकडे तोंड करून सिगार ओढतो. उद्या गाडी चोरीला गेली तर आपल्यावर बोट नको, असं त्याचं म्हणणं. या प्रामाणिकपणाचा त्याला भारी माज.

एवेलिओचं जुनं गिऱ्हाईक अर्सेनिओ वारला आणि त्याची चोपन्न सालची शेवरोले परसात धूळ खात पडली. यंदा त्याची नात यानिसेल पंधराची झाली. आमच्याकडे पंधराव्या वाढदिवसाला मुलगी झालरीचा झगा घालून गाडीतून गावभर मिरवते. अर्सेनिओची बायको सेनाइदा हट्टाला पेटली. "आजोबा नाहीत, तर निदान आजोबांची गाडी तरी!" तिने पत्रा ठोकून घेतला, रंग दिला, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. गाडी लखलखायला लागली, पण सुरू होईना.

बॅटरी ठणठणीत, स्टार्टर गरगर फिरतोय, आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलला करंट नाही. मी दिवा धरला आणि एवेलिओने एकेक वायर तपासली. सगळ्या काळ्या, कारण बसवल्या त्या वर्षी गावात काळीच वायर मिळत होती. त्याने डॅशबोर्ड खोलला, छताचं कापड उसवलं. बटण काही सापडेना.

"बॅटरीपासून थेट वायर टाक ना," मी म्हणालो.

"टाकली. भोंगा बोंबलतो आणि इंजिन ढिम्म. चोराला अद्दल घडवायची सोय आहे ती, माझीच!" हे सांगतानाही गड्याची छाती फुगलेली.

"मग घडली की अद्दल!"

मिरवणूक उद्यावर आली. यानिसेलने रडून डोळे लाल केले होते. सेनाइदा कॉफी घेऊन आली.

"अर्सेनिओने कुणाला तरी सांगून ठेवलं असेल."

"तुलाच सांगितलं असेल. आठव जरा," एवेलिओ म्हणाला.

"मला त्याने कधी किल्लीला हात लावू दिला नाही. त्या नोएलियाला बोलवा."

आम्ही दोघे जमिनीकडे बघायला लागलो. अर्सेनिओ आणि नोएलियाचं प्रकरण सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकट्या सेनाइदाला ठाऊक नाही, अशी आमची समजूत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघताय काय? केस कापणारी नोएलिया. गावात दुसरी आहे का?"

नोएलिया आली ती केसांत रोलर तसेच ठेवून. कुणाकडे न बघता ती सराईतपणे मागच्या सीटवर बसली आणि हात टेकायच्या गादीखाली अंगठा दाबला. "कर सुरू आता."

इंजिन पहिल्याच फटक्यात गुरगुरलं. यानिसेल नाचायला लागली. एवेलिओही भान विसरून ओरडला, "बघा, माझं बटण! अजून पक्कं!"

सेनाइदाने नोएलियालाही कॉफी दिली. तिने ती उभ्याउभ्याच पिऊन टाकली आणि गेली. मग सेनाइदाने मागची सीट ओल्या फडक्याने पुसून घेतली.

"एवेलिओ, मिरवणूक झाली की ते बटण काढून टाक."

"वेड लागलंय का तुला? गाडी चोरीला जाईल!"

"जाऊ दे," सेनाइदा म्हणाली. "चोरीला जायचं ते कधीच गेलंय."